वाळवणखोलीची पाटी

सोमवार, ६ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन बॅगा, शब्दकोशांचं एक खोकं आणि गुडघ्यांना चोळायचं तेल, एवढा माझा संसार. धाकट्या बहिणीने वरची खोली झाडून-पुसून तयार ठेवली होती. खिडकीतून कालवा दिसतो, कालव्यापलीकडे लाल विटांची एक लांबलचक इमारत आणि तिचं उंच धुराडं. चौतीस वर्षं छापखान्याच्या पोटमाळ्यावर बसून मुद्रितं तपासली. तिथल्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पाइप तेवढा दिसायचा. त्या मानाने हा स्वर्गच.

धाकटीने जेवताना बजावलं की आता आराम करायचा, कशातही चुका काढायच्या नाहीत. मी बरं म्हटलं. मग मेव्हण्यांनी त्यांच्या औषधाच्या दुकानाची नवी जाहिरात कौतुकाने दाखवली, त्यात 'औषधे घरपोच मिळतिल' असं छापलं होतं. 'ती' दीर्घ हवा, एवढंच मी म्हणाले. मेव्हणे वर्तमानपत्रामागे गेले ते ताट उचलेपर्यंत बाहेर आले नाहीत.

धाकटी हसून म्हणाली की ती लाल इमारत म्हणजे जुनी लाँड्री, आता तिथे गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, त्यांना स्वयंसेवक हवेत. परवाच जाऊन ये, ताई. म्हणजे बॅगेची कुलपं उघडली नाहीत तोच मला घराबाहेर काढायची सोय! पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

संग्रहालय लहानसंच आहे, पण जिवंत आहे. पूर्वी इथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी वाफेवर धुतल्या जायच्या. पुढे इस्त्रीचं लांब दालन, तिथे कोळशाच्या इस्त्र्या, लाकडी टब, कपडे पिळायचे रूळ. मागे भट्टीघर. त्याला लागून वाळवणखोली, म्हणजे ओल्या चादरी सुकवायची खोली: बिनखिडकीची, पत्र्याच्या दाराची, वर लोखंडी दांड्यांच्या रांगा आणि भिंतींवर वाफेचे जुने पाइप.

सगळा कारभार बाईसाहेबांकडे. वय ब्याऐंशी, पाठ ताठ. काठी आहे, पण ती टेकायला नाही, दाखवायला. लाँड्री त्यांच्या वडिलांची होती. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि स्वतःच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. मला फार आवडल्या.

शिवणकामाला एक मावशी आहेत, चौऱ्याहत्तरच्या. साऱ्या गावाच्या मावशी, म्हणून माझ्याही, मी एकसष्टची असले तरी. बोलणं इतकं हळू, की सुई पडली तर सुईचाच आवाज मोठा. आणि एक प्लंबर आहे. शनिवारी फुकट राबतो आणि फुकट राबतो हे सगळ्यांना ऐकवतो.

मला पाट्यांचं काम मिळालं. वाचून धन्य झाले. 'कृपया वस्तूंना हात लाऊ नये.' एका फोटोखाली 'कामगार इस्त्रिया'! दिवसभर इस्त्र्या फिरवून बिचाऱ्या शेवटी इस्त्रियाच झाल्या. मावशींना हे सांगितलं तर त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

वाळवणखोलीच्या दाराशी पाटी आहे: 'येथे सत्तर वर्षांपूर्वी एका दुर्दैवि अपघातात नऊ कामगार स्त्रिया मरण पावल्या. थंडीमुळे त्यांनी दार आतून लावून घेतले होते.' वाईट वाटलं. 'दुर्दैवी'मधला 'वी' दीर्घ केला आणि पुढच्या पाटीकडे वळले.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज माझा पहिला 'धुलाईचा शनिवार'. शाळेची पोरं येतात, त्यांना छोटे टब आणि हातरुमाल देतात. निम्मं पाणी टबात, निम्मं पोरांच्या अंगावर. म्हातारी माणसं चादरींच्या घड्या घालायला येतात. एक आजोबा न चुकता येतात. मी विचारलं, तर म्हणाले की चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात आणि घरी ते एकटेच आहेत. बाईसाहेब त्यांच्यासमोर चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहिल्या आणि अर्धा तास त्यांच्याशी बोलत घड्या घालत होत्या. असं काम करायला मी इतकी वर्षं उशीर केला.

दुपारी एक तरुण जोडपं हातात हात घालून वाळवणखोली बघायला गेलं आणि पाचच मिनिटांत भांडत बाहेर आलं. कशावरून? घराची खिडकी कोणी उघडी ठेवली यावरून. तो तिच्या आईवर गेला, ती त्याच्या पगारावर. बाहेरच्या वाऱ्यात दोघंही गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. मला हसू आलं. मावशी म्हणाल्या की त्या खोलीतून माणसं अशीच येतात. अशीच म्हणजे कशी, असं विचारलं, तर त्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

सकाळी टांगलेल्या ओल्या चादरी तासाभरात कडकडीत वाळल्या. ना पंखा, ना ऊन.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

जुन्या कापडाला उष्णता बाधू नये म्हणून प्रत्येक दालनात तापमान मोजायचं एक छोटं यंत्र लावलेलं असतं. वाळवणखोलीतल्या यंत्रावर आज एकसष्ट अंशांचा आकडा होता. एकसष्ट! माझं वय दाखवतंय की काय, असं म्हणून मी प्लंबरला हाक मारली. त्याने पाइप ठोकून दाखवले. ते त्याच्या जन्माआधीच कापलेत आणि तोंडं सिमेंटने बुजवलीत. म्हणाला, "ताई, वाफ यायला जागाच नाही. यंत्र बिघडलंय." ठीक. पण हे बोलून बाहेर पडला आणि स्वतःच्याच हत्यारांच्या पिशवीला त्याने अशी लाथ घातली की पाने भट्टीघरभर उधळले. चेहरा लालबुंद. वर मलाच विचारतो, मी हे का केलं?

मी खोलीत दहा मिनिटं होते.

घरी आले. चहात साखर कमी होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती खरोखर पायांतून चढते, पोटऱ्यांतून, पाठीतून, हे मला आज कळलं. मी धाकटीला काय वाटेल ते बोलले. आई-बाबा अकरा वर्षं अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू कुठे होतीस, सणवारी यायचं, फोटो काढून घ्यायचे आणि जायचं. माझं लग्न का नाही झालं, कधी विचारलंस? ती कपबशी हातात धरून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की हे सगळं तू आत्ता सांगतेयस, ताई.

खोटं काहीच बोलले नाही. पण हे मी केव्हाच गिळलं होतं. पचलंही होतं, असं मला वाटत होतं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. नव्या पाट्या लावायला मी एकटीच गेले. सकाळचे साडेअकरा, इस्त्रीच्या दालनात भरपूर ऊन. जे पाहिलं ते जसं पाहिलं तसं लिहिते.

वाळवणखोलीत चौदा चादरी टांगलेल्या होत्या, शनिवारच्या, कोरड्या. खोलीत वारा नाही. मी दारात उभी होते. चौदातल्या नऊ चादरी हलत होत्या. फडफडत नव्हत्या. प्रत्येकीवर एकच जागा, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बशीएवढी, आत ओढली जात होती. कापड ताणायचं, खळगा पडायचा, मग सुटायचं. पुन्हा ओढलं जायचं. नऊ ठिकाणी. खळग्याभोवतीचं कापड ओलं होतं. एक खळगा बराच खाली होता, ठेंगण्या बाईच्या किंवा पोरीच्या तोंडाशी येईल एवढा.

आवाजही होता. धाप लागलेल्या माणसाचा.

मी पळाले. गुडघे दुखत असून पळाले. कालव्याच्या कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा एक बाई सायकलवरून गेली, तिने घंटी वाजवली, आणि मला स्वतःची लाज वाटली. परत गेले. चादरी स्तब्ध होत्या. कोरड्या.

कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, तोंडाची वाफ दवडायची.

शनिवार, २५ फेब्रुवारी

पेनाचं टोक कागदात रुततं आहे. रागाने. भीती नंतर.

कचेरीच्या कपाटात जुन्या स्मरणिकेचा गठ्ठा सापडला. लाँड्रीतल्या दुर्घटनेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा काढलेली. छापील प्रतींच्या खाली तिची मुद्रितं. कच्ची छपाई, तपासायला दिलेली. जुना मित्र भेटावा तशी मी ती उघडली. मूळ मजकूर लाँड्रीतल्या कुणा कारकुनाने लिहिलेला आहे. तो असा:

'त्या नऊ जणींनी जेवायला बाहेर अंगणात बसू द्यावे, एवढेच मागितले होते. डोकी थंड होईपर्यंत यांना वाळवणखोलीत ठेवतो, असे म्हणून मालकांनी स्वतः दार बाहेरून लावून घेतले. मालक जेवून झोपले. मधल्या वेळात पाइपाचा सांधा सुटला. दार साडेतीनला उघडले. सर्व जणींनी ओल्या चादरी तोंडाशी धरलेल्या होत्या.'

यातल्या बहुतेक ओळींवर लाल शाईची आडवी रेघ. 'जेवून झोपले'वर रेघ. 'बाहेरून'वर रेघ आणि समासात सुबक अक्षरात 'आतून'. मागे-पुढे जोडायला 'थंडीमुळे त्यांनी'. खुणा बिनचूक. काढून टाकायच्या शब्दाला घालतात तो वेटोळाही अगदी मी घालते तसा. आणि ते अक्षर मी ओळखते. चहाच्या पाळ्यांची यादी त्याच अक्षरात भिंतीवर लावलेली आहे. बाईसाहेब.

मी उठून वाळवणखोलीशी गेले आणि ते दार नीट पाहिलं. आतून सपाट पत्रा. ना कडी, ना मूठ, ना खिळा. कडी बाहेर आहे. मनगटाएवढी जाड.

सतरा दिवस मी त्या दारातून ये-जा केली. मी! जिच्या हातून अनुस्वार सुटत नाही म्हणून लेखक घाबरायचे! ती पाटी माझ्या हाताखालून गेली आणि मी तिचा 'वी' दीर्घ केला.

बुधवार, १ मार्च

बाईसाहेबांसमोर ती मुद्रितं ठेवली. त्यांनी नाकारलं नाही. चष्मा पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या की वडील होते हो ते माझे. मी बारा वर्षांची होते. रोज दुपारी त्यांना उठवायला मलाच पाठवायचे. त्या दिवशी कुणी पाठवलं नाही आणि मी अंगणात खेळत राहिले. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा काढला. मला वाटलं, आता म्हणतील की पाटी बदलूया.

त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. म्हणाल्या की या जागेवर म्हाताऱ्यांची दुपार चालते, पोरांचा शनिवार चालतो. वडिलांचं नाव गेलं तर देणग्या जातील आणि कुलूप लागेल. मग, अगदी मायेने: "आणि त्या नऊ जणींचं म्हणाल, तर पाटी वाचता तरी येत होती का हो त्यांना?"

मी बिस्किट घेतलं नाही. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मी चौतीस वर्षं नुसतं तपासत होते.

गुरुवार, २ मार्च

मावशींना सांगायला नको होतं. नको होतं. पण गावात कुणालातरी कळायला हवं, म्हणून सकाळी त्यांच्या शिवणयंत्राशी बसून मी तो मजकूर वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत मला माहीत नव्हतं. नवांतली एक मावशींची आई. मावशी तेव्हा चार वर्षांच्या होत्या.

त्यांनी तो शब्द पुन्हा वाचायला सांगितला. 'बाहेरून.' पुन्हा. मी पुन्हा वाचला. मग त्या म्हणाल्या की आजी प्रत्येक घासाला बोलायची, तुझ्या आईने आपल्या हाताने दार लावून घेतलं आणि पोर माझ्या गळ्यात टाकली. सत्तर वर्षं मी आईवर रागावून होते, बाई. त्या रडल्या नाहीत. सुया डबीत भरल्या, डबीचं झाकण लावलं, उठल्या. म्हणाल्या, "जरा आईशी बोलून येते."

मी त्यांना जाऊ दिलं. मला वाटलं, लेक आहे, तिला काय होणार.

वीस मिनिटांनी मी दाराशी गेले. कडी उघडीच होती आणि दार हलत नव्हतं. मी ओरडले. प्लंबर आला, त्याने खांदा लावला, मग पहार. आणखी वीस मिनिटं गेली. दार एकदम सुटलं. मावशी चादरींच्या मध्ये गुडघ्यांवर बसल्या होत्या. कपडे कोरडे. केस कोरडे. चेहरा मात्र ओठांपासून कपाळापर्यंत—

त्यांनी चादर तोंडाशी धरली होती.

शनिवार, ४ मार्च

मावशी आज पहाटे गेल्या. डॉक्टर विचारत होते की कुठलं भांडं होतं, किती लिटरचं. वाफेने भाजलं आहे म्हणाले. मी म्हटलं, भांडं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मला त्या नऊ जणींचा राग येतो आहे. त्यांचा राग खरा आहे, हे मला मान्य आहे. पण कुणावर काढता? तुमच्यातल्याच एकीची पोर होती ती. जिने कोंडलं नाही, खोटं लिहिलं नाही, जिला सत्तर वर्षं आईची आठवणसुद्धा धड मिळाली नाही, ती सापडली तुम्हाला? बाईसाहेब रोज त्या दारावरून काठी वाजवत जातात. त्यांच्या केसाला धक्का नाही.

घडी घालणारे आजोबा आले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. चादर घेऊन उभे राहिले.

सोमवार, ६ मार्च

बाईसाहेबांनी शोकसभेचं पत्रक लिहिलं आहे. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी चहाच्या भांड्याची वाफ लागून, स्वतःच्या नजरचुकीने, भाजल्या.' स्वतःच्या नजरचुकीने! तेच. तेच पुन्हा. त्याच सुबक अक्षरात.

आणि तो कागद माझ्या हातात देऊन म्हणतात, "शुद्धलेखन तेवढं बघून द्या हं."

बघितलं. एकही चूक नाही.

मंगळवार, ७ मार्च

बंदचा दिवस. जुनी पाटी पान्याने उचकटून काढली. नवी लावली, माझ्या हाताने लिहिलेली. नऊ जणी, मालक, जेवण, झोप, कडी. बाहेरून. खाली मावशींचंही लिहिलं. मग आत गेले. ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, घ्या, लिहिलं, खरं ते लिहिलं, आता पुरे. आता सोडा.

चादरी ओढल्या जायला लागल्या.

पाटीने त्यांचं काय होणार होतं? सत्तर वर्षांनी एक शब्द सुधारला म्हणून त्यांनी समाधानाने निघून जावं, असं मला का वाटलं? कोण मी? वाचतंय कोण?

मी मोजलं. नऊ नाहीत. दहा. दहावा खळगा खाली होता, मावशी वाकून चालायच्या तेवढा. सगळ्यांत जोराने तोच ओढला जात होता. कापड फाटेल इतकं. ती हळू बोलणारी बाई.

बाहेर आले तेव्हा माझ्या हातात पाना होता, आणि तो मी किती घट्ट धरला होता ते बोटं सोडवताना कळलं.

गुरुवार, ९ मार्च

पाटी गेली. जुनी परत लागली आहे, नव्या खिळ्यांनी. प्लंबर येत नाही. बायकोवर हात उचलला म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा. घरी बसून रडतो.

शोकसभा शनिवारी. वाळवणखोलीतच. मावशींचा फोटो तिथे लावायचा आहे. बाईसाहेबांची इच्छा. मी सांगितलं, तिथे नको. त्या म्हणाल्या, तुम्ही दमलात.

धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली की ताई, तुला ताप आहे. तापमापी लावली, ताप नाही. पुन्हा हात लावला, चटका बसल्यासारखा काढून घेतला. म्हणाली की शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. एकटीला नाही सोडायची.

का आता? अकरा वर्षं— कशाला लिहितेय मी हे. ती चांगली आहे. चांगलीच आहे.

झोपेतही दात आवळलेले असतात. सकाळी जबडा दुखतो.

शुक्रवार, १० मार्च

आज गेले नाही. नुसती खिडकीत बसले. धुराड्याकडे पाहिलं. तरीही पाय तापले. म्हणजे आता खोलीत जावंच लागत नाही.

हा राग माझा किती आणि त्यांचा किती, हे कळेनासं झालं आहे. वेगळा काढता येत नाही. काढावासा—

वाटत नाही. हे खरं.

शनिवार, ११ मार्च. दुपार

वाळवणखोलीबाहेरच्या बाकावर बसले आहे. मांडीवर वही.

सभा झाली. बाईसाहेब बोलल्या. नजरचूक म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे इस्त्रीच्या दालनात चहाला. आज शनिवार, पोरं आहेत, टब आहेत, गलका एवढा की इथलं तिकडे काही—

बाईसाहेब म्हणाल्या की फोटोपाशी दोन मिनिटं बसून येते.

मी कडी लावली. वाटली होती तेवढी जड नाही. सहज बसते.

काठी वाजते आहे पत्र्यावर. आता उपयोगाला आली.

दहा मिनिटं झाली. कडी गरम होत चालली आहे. मी हात लावून पाहिला. तळवा भाजला. डाव्या हाताने वही धरते आहे, उजव्याने— चालतं आहे. लिहिता येतं आहे.

त्या म्हणतात, अहो, उघडा. अहो, मला नव्हतं हो माहीत. बारा वर्षांची होते. रडतात. मला काहीतरी वाटायला हवं. पंधरा मिनिटं.

काठी थांबली.

आणखी एक आवाज आहे. मघापासून आहे. मी लिहिलं नाही.

ताई म्हणतोय.

बाईसाहेबांना उंबऱ्यावरून हात धरून आत कोणी नेलं? म्हातारं माणूस पडेल म्हणून कोण धावलं? तीच धावते. कायम तीच. सगळ्यांसाठी धावते, फक्त आमच्या आई-बाबांच्या—

आत पांढरं जाजम घातलं आहे म्हणून चपला बाहेर काढायच्या होत्या. दारापाशी दोन जोड आहेत. एक काळा. एक निळ्या पट्ट्यांचा. कडी लावायला उभी राहिले तेव्हा निळा जोड पायात आला. मी तो बाजूला सारला. दिसला होता मला.

दिसला होता.

ती ओरडत नाहीये. दाराला अगदी चिकटून, हळू बोलते आहे, मावशी बोलायच्या तशी. म्हणते, ताई, चादरींच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय. ताई, खूप जणी आहेत. ताई, मी चुकले, तेव्हा यायला हवं होतं मी, आता उघड.

चुकले म्हणाली. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. ऐकलं. तरी जात नाही. पायांतून वर येतंच आहे. कमी होत नाही. कुणाला सांगू, कमी होत नाही—

तिचा आवाज खाली गेला. बसली असेल. चादर घेऊ नकोस तोंडाशी. धाकटे, चादर नको घेऊ.

उठायला हवं. हात कडीकडे जायला हवा. हात लिहितो आहे.

उघडते. एवढं एक वाक्य पूर्ण करते आणि उघडते, कारण अर्धं वाक्य टाकून मी जन्मात कधी उठले नाही, आणि हे पूर्ण झालं की मी लगेच